कवटी फुटूनही मैदानात परतलेला ह्यूम

पुण्याहून मुंबईकडे निघाले की हमरस्त्यालगत बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ते उभे राहिले. २०१८-१९ च्या हंगामात पुण्याच्या फुटबॉल संघात एक गोरा खेळाडू होता. वय पस्तीस, उंची बेताची, डोके तुळतुळीत, आणि त्या डोक्यावर विळ्यासारखी वाकडी, लांबलचक खूण. ती खूण कशाची, हे ज्याला ठाऊक नसे त्याला हा माणूस अजून खेळतो यात काही विशेष वाटत नसे. ज्याला ठाऊक असे, तो मात्र त्याच्याकडे पाहतच राही.

या खेळाडूचे नाव इयन ह्यूम. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात ३० ऑक्टोबर १९८३ रोजी तो जन्मला. आईवडिलांनी लहानपणीच त्याला कॅनडात नेले आणि तिथेच तो वाढला. पोट भरले ते इंग्लंडमध्ये आणि लोकांचे अलोट प्रेम मिळाले ते आपल्या देशात.

फुटबॉल आपल्याकडे आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली, ती पहिल्यांदा जिंकली एका स्कॉटिश पलटणीनेच. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. पुढे हा खेळ आपलाच झाला. कोल्हापूरच्या पेठांमध्ये त्याचे केवढे वेड आहे, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको.

ह्यूम आघाडीचा खेळाडू. संघात अकरा जण असले तरी गोल करण्याची मुख्य जबाबदारी आघाडीच्या माणसावर असते. बाकीचे कितीही राबले आणि गोल झाला नाही, तर बोल त्यालाच लागतो. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड नावाचे गाव आहे. तिथल्या ट्रॅनमियर रोव्हर्स या संघातून वयाच्या सोळाव्या वर्षी तो पहिला सामना खेळला. आपल्याकडे या वयात पोरे दहावी-अकरावीची पुस्तके धरतात. २००५ मध्ये लेस्टर सिटीने त्याला सुमारे पाच लाख पौंड देऊन घेतले, तर २००८ मध्ये बार्न्सलीने सुमारे बारा लाख पौंड मोजले. ही रक्कम खेळाडूच्या खिशात जात नाही. ती त्याच्या आधीच्या संघाला मिळते. पण बाजारात आपला भाव काय, हे खेळाडूला त्यावरून कळते.

भाव असा चढला असतानाच घात झाला. ८ नोव्हेंबर २००८ रोजी शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या सामन्यात उंच आलेल्या चेंडूसाठी दोघे झेपावले आणि समोरच्या खेळाडूचे कोपर ह्यूमच्या डोक्यावर बसले. पंचांनी त्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवले आणि खेळ पुढे सुरू झाला. पण ह्यूमची कवटी फुटली होती. आत रक्तस्राव होत होता. तातडीने शस्त्रक्रिया करून तो थांबवावा लागला. डोक्यावरची विळ्यासारखी खूण ती हीच. त्याचा तो हंगाम तिथेच संपला. तेव्हा त्याचे वय होते अवघे पंचवीस.

इथे थोडे थांबू. आपल्याकडे कोणी फुटबॉलचा धंदा करीत नसेल, पण डोक्याला मार बसण्याचे प्रसंग शेतीत काय कमी येतात? कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कोणाला बैल शिंगावर घेतो, कोणी हेल्मेटशिवाय मोटारसायकलवरून जाताना घसरतो. पडलेला माणूस उठून बसतो, चार शब्द नीट बोलतो, चहा घेतो. आपण म्हणतो, वाचला, काही झाले नाही. धोका असतो तो इथेच. कवटी हाडाची, तिला फुगायला जागा नाही. आत रक्त साचू लागले की ते मेंदूवर दाब देते. कधी कधी हे काही तासांनी, अगदी रात्री उमगते. विस्तारकामाच्या फिरतीत मी एक घर पाहिले आहे. घरधनी दुपारी ट्रॉलीवरून पडला आणि संध्याकाळी ‘झोप येते’ म्हणून आडवा झाला. दमला असेल म्हणून कोणी त्याला उठवले नाही. सकाळी तो उठलाच नाही.

म्हणून घरातल्या सर्वांनी, विशेषतः बायाबापड्यांनी, पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे, बोलणे असंबद्ध होणे, झटके येणे, हातापायातले बळ जाणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे. यातली एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूची तपासणी होऊ शकेल अशा रुग्णालयात न्यावे. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तरी माणूस बरा वाटला म्हणून घरी ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. नाकाला कांदा लावणे, वहाण हुंगवणे यात वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. उचलताना मान वाकू देऊ नये. ज्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि जे वयाने मोठे आहेत, त्यांना किरकोळ वाटणारा मारही दाखवून घ्यावा.

आता ह्यूमकडे वळू. पंचविशीतला, अंगात रग असलेला गडी तो. तरीही घाईने मैदानात उतरला नाही. राहिलेला सगळा हंगाम त्याने घरी बसून काढला आणि डॉक्टरांनी संमती दिल्यावरच २००९-१० मध्ये तो पुन्हा खेळू लागला. मात्र पहिल्यासारखा भाव पुन्हा आला नाही. पुढे तो प्रेस्टनच्या संघात गेला, काही काळ इतर संघांकडे उसनाही राहिला. अशी पाचेक वर्षे गेली.

२०१४ मध्ये आपल्याकडे इंडियन सुपर लीग सुरू झाली. सचिन तेंडुलकरची मालकी असलेल्या केरळच्या संघाने ह्यूमला घेतले. पहिल्याच हंगामात त्याने पाच गोल केले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. नवी मुंबईतला अंतिम सामना मात्र केरळने एका गोलाने गमावला. मल्याळी लोक थोरल्या भावाला ‘चेट्टन’ म्हणतात. त्यांनी ह्यूमला ‘ह्यूमेट्टन’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या भाषेत ह्यूमदादा! पुढच्या वर्षी कोलकात्याकडून त्याने अकरा गोल केले. त्यात दोनदा एका सामन्यात तीन गोल होते, एकदा मुंबईविरुद्ध आणि एकदा आपल्या पुण्याविरुद्ध. २०१६ मध्ये कोलकाता अजिंक्य ठरला. त्या अंतिम सामन्यात ह्यूमची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली होती. तरी सोबत्यांनी बाजी मारून नेली.

१० जानेवारी २०१८ ला दिल्लीत पुन्हा त्याच्या डोक्याला लागले. पट्टी बांधून तो खेळला आणि तीन गोल केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या जिद्दीला माझाही नमस्कार आहे, पण या एका गोष्टीचा कित्ता मात्र कोणी गिरवू नये. मैदानावर डॉक्टर हजर असतो, आपल्या बांधावर नसतो.

त्यानंतर महिनाभरही लोटला नाही तोच, बालेवाडीच्याच मैदानावर पुण्याविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. नवल असे की, ज्या पुण्यात तो जायबंदी झाला, त्याच पुण्याने पुढच्या हंगामात त्याला आपल्या संघात घेतले. गुडघा सावरायला वेळ लागला. जुनी चपळाई राहिली नव्हती, पण डोक्यावरची खूण मिरवत तो पुन्हा मैदानात उतरला. २०१९ मध्ये पुण्याचा तो संघच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. आघाडीच्या खेळाडूच्या धंद्यात सुगी थोडी आणि अवर्षण फार, हे यावरून दिसावे.

तुमच्या घरातले पोर फुटबॉल खेळत असेल तर त्याला ह्यूमची गोष्ट जरूर सांगा. अकरा गोलांच्या वर्षाची सांगा, तशीच घरी बसून काढलेल्या त्या महिन्यांचीही सांगा. ते महिने त्याने धीराने काढले, म्हणूनच पुढची दहा वर्षे तो खेळू शकला.