तबकडी कीं सीडी ?



भाईंदर आणि मीरा रोड या भागांत हल्लीं लग्न असो, वाढदिवस असो, कीं सोसायटीचें स्नेहसंमेलन असो, वाजंत्र्यांच्या जागीं पुष्कळ वेळां एखादा तरुण दोन यंत्रांमागें उभा असलेला दिसतो. कानावर हेडफोन, एक हात यंत्रावर, आणि एक गाणें संपून दुसरें केव्हां सुरू झालें हें नाचणाऱ्यांना कळतही नाहीं. त्याला पाहून घरांतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हेंच काम शिकावेंसें वाटतें, आणि मग पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. यंत्रें कोणतीं घ्यावीं ? तबकड्या वाजविणारीं कीं सीडी वाजविणारीं ? दोन्ही प्रकारचीं घेणें बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचें असतें. पहिल्या कमाईची किंवा वडिलांच्या बचतीची रक्कम एकदां भलत्या यंत्रांत अडकली म्हणजे ती लवकर सुटत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा आज थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेतला पाहिजे. आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकींतल्या ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत, असा अर्थ रूढ झाला आहे. मूळ अर्थ तसा नाहीं. डिस्क म्हणजे तबकडी, आणि डिस्क-जॉकी म्हणजे तबकड्या हाताळणारा माणूस. यंत्रांच्या साहाय्यानेंच निर्माण केलेलें, एकसारख्या ठेक्याचें जें नृत्यसंगीत आहे त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. तें वाजविणाऱ्या डीजेचें खरें कौशल्य आवाज मोठा करण्यांत नसून दोन गाणीं एकमेकांत बेमालूम मिसळण्यांत असतें.

हें मिसळणें म्हणजे काय, तें एका हिशेबानें सांगतों. समजा, चालू गाण्याची लय मिनिटाला १२४ मात्रांची आहे आणि पुढच्या गाण्याची १२७ मात्रांची. दोन्ही एकाच क्षणीं सुरू केलीं तर पहिली मात्रा बरोबर पडेल. परंतु अवघ्या १० सेकंदांत अर्ध्या मात्रेचा फरक पडून एकाचा ठोका दुसऱ्याच्या मोकळ्या जागेंत पडूं लागेल. नाचणाऱ्याचा पाय तेथेंच अडखळतो. तबलजी जसा गायकाची लय धरून चालतो, तसें येणारें गाणें चालू गाण्याच्या लयीवर आणावें लागतें. वरच्या उदाहरणांत त्याची गति सुमारें २.४ टक्क्यांनीं कमी करावी लागेल. डीजे एका कानानें सभागृहांतलें गाणें ऐकतो, दुसऱ्या कानानें येणारें गाणें ऐकतो, आणि दोन्हींचा मेळ बसला म्हणजेच नवें गाणें लोकांपुढें आणतो. आतां हें काम तबकडीवर कसें होतें आणि सीडीवर कसें होतें, हें पाहूं.

आजोबांच्या पिढीची मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची असे. हातांतून पडली तर ती फुटे. १९४८ मध्यें अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें व्हायनिल नांवाच्या प्लास्टिकची, ३३ १/३ फेऱ्यांची तबकडी बाजारांत आणली, आणि १९४९ मध्यें आर. सी. ए. कंपनीनें ४५ फेऱ्यांची आणली. १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांसाठीं १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर एकच गाणें छापण्याची प्रथा पडली. एवढी जागा मिळाल्यावर खांचा ऐसपैस कोरतां येतात, आणि खर्जाचा ठोका जोरकस उमटतो. या तबकडीला जोड मिळाली ती जपानच्या टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० या यंत्राची. १९७२ मध्यें निघालेल्या या यंत्रांत थाळी पट्ट्यानें न फिरतां थेट मोटरवरच बसविलेली होती. त्यामुळें ती झटकन वेग घेई, आणि वरची तबकडी हातानें अडविली तरी खालची थाळी फिरतच राही. १९७९ च्या सुधारलेल्या नमुन्यांत गति ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकती कळ आली. डीजेच्या कलेचें व्याकरण या यंत्रावर तयार झालें.

तबकडीचा मुख्य गुण असा कीं, तेथें ध्वनि हाताला लागतो. बोटानें किंचित् पुढें ढकललें तर गाणें पुढें जातें, कडेला बोट टेकवलें तर तें रेंगाळतें. नीट पाहिलें तर डोळ्यांनाही गाणें वाचतां येतें. जेथें ठेका थांबून संगीत शांत होतें तेथला पट्टा काळाभोर दिसतो, आणि जेथें ठोका भरघोस असतो तेथें तो करडा, खरबरीत दिसतो. लय जुळली कीं नाहीं हें सांगणारा आंकडा मात्र कोठेंही उमटत नाहीं. तेथें कान हाच न्यायाधीश. सहा महिने नेटानें तबकडीवर हात बसविणाऱ्याचा कान पुढें कोणत्याही यंत्रावर त्याला दगा देत नाहीं, तो याच कारणानें.

परंतु या गुणांची किंमत मोजावी लागते. पहिली किंमत वजनाची. १२ इंची तबकडी वेष्टणासह दोनशें ग्रॅमच्या पुढेंच भरते. एका रात्रीसाठीं ६० तबकड्या घेतल्या तर १२ ते १५ किलोंचा भार होतो. तो घेऊन सायंकाळीं भाईंदरहून चर्चगेटच्या गाडींत चढणें म्हणजे काय, हें या मार्गावरच्या प्रवाशांना सांगावयास नको.

दुसरी किंमत हादऱ्याची. सुई खांचेंतील अतिसूक्ष्म वळणें वाचीत असते. तिला जमिनीचा हादरा आणि गाण्याचें कंपन यांतील फरक कळत नाहीं. लांकडी मंचावर पन्नास माणसें नाचूं लागलीं कीं सुई उडते. मोठ्या ध्वनिवर्धकाचा खर्ज मेजावर पोंचला तर तो सुईंतून पुन्हां यंत्रांत शिरतो, पुन्हां मोठा होऊन बाहेर येतो, आणि एक घोगरी गर्जना सुरू होते. मेजाखालीं जड दगडी फरशी आणि तिच्याखालीं रबर घालून हा दोष पुष्कळ कमी करतां येतो. पण प्रत्येक मंगल कार्यालयांत अशी सोय कोण करून देणार? चालत्या गाडीवर तर तबकडीचें नांवच काढावयास नको.

तिसरी किंमत हवेची. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, मध्यें मिठागरें. अशा या प्रदेशांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. तबकडीचें प्लास्टिक पाण्यानें कुजत नाहीं, परंतु कागदी वेष्टणाला बुरशी येते, ती खांचांत उतरते, आणि मग सुईबरोबर चरचर ऐकूं येते. तबकड्या उभ्याच ठेवाव्या, भिंतीपासून दूर ठेवाव्या, आणि उन्हांत तर मुळींच ठेवूं नयेत. उन्हानें त्या वांकतात.

आतां सीडीकडे वळूं. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनीं मिळून ठरविलेली ही १२ सेंटिमीटर व्यासाची चकती १९८२ मध्यें जपानांत विक्रीस आली. हिच्यावर ध्वनीची लहर कोरलेली नसून, त्या लहरीचीं सेकंदाला ४४,१०० मोजमापें आंकड्यांच्या रूपानें नोंदलेलीं असतात. लेसरचा किरण तीं वाचतो. चकतीला कांहींच स्पर्श करीत नाहीं, म्हणून कितीही वेळां वाजविली तरी ती झिजत नाहीं. लहानसा ओरखडा पडला तर गाळलेले आंकडे भरून काढण्याची योजनाही तींत आहे. मात्र ज्या बाजूस नांव छापलेलें असतें ती बाजू अधिक नाजूक; तिच्यावर खोल ओरखडा पडल्यास आंतली नोंदच नष्ट होते. घरीं भरलेल्या सीडींत रंगद्रव्याचा थर असतो व तो ऊन आणि उष्णता यांनीं खराब होतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

सीडीवर गाणें हातानें फिरवितां येत नाहीं, ही डीजेंची जुनी तक्रार होती. पायोनियर कंपनीनें १९९४ मध्यें सीडीजे-५०० आणि २००१ मध्यें सीडीजे-१००० हीं यंत्रें काढून ती बरीचशी दूर केली. दुसऱ्या यंत्राच्या वरची थाळी तबकडीसारखी पुढेंमागें ओढतां येते. शिवाय थोडें पुढचें गाणें यंत्र आधींच वाचून ठेवतें, म्हणून साधा हादरा बसला तरी आवाज तुटत नाहीं.

पट्टीच्या बाबतींत सीडीचा आणखी एक फायदा आहे. तबकडीची गति वाढविली कीं सूरही चढतो. गति सुमारें ६ टक्क्यांनीं वाढविली तर काळी एक या पट्टींतलें गाणें पांढरी दोनमध्यें जातें. नुसता ठेका असेल तर हें खपून जातें. गायकाचा आवाज असेल तर तो पातळ होतो, आणि दोन गाण्यांचे सूर भांडूं लागले म्हणजे ठेका जुळूनही मिश्रण कानाला खुपतें. सीडीच्या यंत्रांत एक कळ दाबून पट्टी कायम ठेवतां येते व लय तेवढी बदलतां येते. गति फारच बदलली तर आवाज किंचित् खरखरतो, पण दोनचार टक्क्यांत तो दोष सहसा जाणवत नाहीं.

‘तबकडीचा आवाज अधिक खरा’ असें म्हणण्याची प्रथा आहे. गायनवादनाच्या जुन्या ध्वनिमुद्रणाविषयीं त्यावर वाद घालतां येईल. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतींत मात्र त्या म्हणण्याला फारसा आधार उरत नाहीं. आजचें असें गाणें बहुधा संगणकांतच जन्मतें. म्हणजे त्याचें मूळ रूपच आंकड्यांचें, आणि तबकडी ही त्याची छापलेली प्रत. ती प्रत आवडूं शकते, परंतु ती मूळाहून अधिक खरी कशी असेल ?

मालाचा पुरवठा हाही प्रश्न आहे. मुंबईंत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस हें प्रसिद्ध दुकान २०१६ मध्यें बंद झालें. चोरबाजारांत जुन्या तबकड्या मिळतात, आणि २०२४ मध्यें नवी मुंबईंत तबकड्या छापण्याचा कारखानाही सुरू झाला. तथापि नृत्यगृहांतल्या नव्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांच्या १२ इंची तबकड्या बहुतांशीं परदेशांतूनच मागवाव्या लागतात, व त्यांवर वाहतूक आणि जकात यांचा भार पडतो. एका तबकडींत गाणीं दोन ते चार. उलट सीडींत ७४ मिनिटांहून अधिक संगीत मावतें, आणि विकत घेतलेलीं गाणीं कोऱ्या सीडीवर स्वतःच भरतां येतात. येथें सीडीचेंही वय झालें आहे, हें सांगितलें पाहिजे. २०२० मध्यें निघालेल्या सीडीजे-३००० या यंत्राला नांवांत सीडी असूनही सीडीची फटच नाहीं. त्यांत बोटाएवढी स्मरणकांडी खोंचावी लागते.

मग तबकडी टाकूनच द्यावी काय ? तसें मला वाटत नाहीं, आणि याचें कारण मुंबईंतच सांपडतें. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ मध्यें रोलंड कंपनीचीं तीन विद्युत्-वाद्यें घेऊन दहा राग नृत्याच्या ठेक्यावर बसविले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नांवाची ती तबकडी निघाली, पण फारशी खपली नाहीं. पुढें शिकागोंत ‘ॲसिड हाऊस’ नांवाचें संगीत त्यांपैकींच एका वाद्यावर, टीबी-३०३ वर, १९८७ च्या सुमारास गाजलें. मुंबईचें हें काम त्याच्या कित्येक वर्षें आधींचें आहे, ही गोष्ट जगाला कळली ती जुनी तबकडी एका परदेशी संग्राहकाच्या हातीं लागली आणि २०१० मध्यें ती पुन्हां छापली गेली तेव्हां. चरणजित सिंग २०१५ मध्यें वारले. त्याआधीं परदेशांतल्या तरुण श्रोत्यांपुढें तें संगीत वाजविण्याचा योग त्यांना आला. बाजारानें विसरलेलें काम एका टिकाऊ वस्तूनें राखून ठेवलें.

तेव्हां निर्णय असा करावा. ज्याला लग्नकार्यांतून कमाई करावयाची आहे, ज्याला रोज वेगळ्या जागीं जावें लागतें, त्यानें सीडीचीं दोन यंत्रें घ्यावीं. आणि तीं घेतांना सीडीबरोबर स्मरणकांडीही चालते अशींच पाहून घ्यावीं, म्हणजे पैसे उद्यां वायां जाणार नाहींत. पहिले कांहीं महिने यंत्रावरचा मात्रांचा आंकडा कागदानें झांकून ठेवावा आणि लय कानानेंच जुळवावी. तबकडीची शिस्त थोडीशी तरी अशी फुकट मिळते. ज्याची जागा ठरलेली आहे, जमीन पक्की आहे आणि संग्रहाची हौस आहे, त्यानें तबकडी अवश्य घ्यावी. ज्याला हात तबकडीवरच बसवावयाचा आहे पण गाण्यांवर तितका खर्च करणें परवडत नाहीं, त्याच्यासाठीं खुणेच्या तबकड्या आहेत. २००४ मध्यें सेराटो कंपनीनें आणलेल्या योजनेंत थाळीवर अशी तबकडी फिरते आणि गाणें संगणकांतून वाजतें.

अभ्यास मात्र हेडफोन लावूनच करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचें मूल परीक्षेचा अभ्यास करीत असतें. दोन गाणीं जुळवावयास मोठा आवाज लागत नाहीं. हलक्या आवाजांत ज्याला अर्ध्या मात्रेची चूक ऐकूं येते, त्याच्याच हातीं सभागृहाचा आवाज सोंपवावा.