खोल सागरतळावरील प्राणिजीवन व त्यातील बदल

कन्हान नदीच्या उथळ पात्रातील एखादा दगड उचलून पाहिल्यास त्याच्या खालच्या अंगास गोगलगायी व किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या आढळतात. पुराने वाळू हलली की ही वस्ती मोडते. पाणी निवळल्यावर ती पुन्हा भरू लागते. खोल सागराच्या तळाशीही अशीच प्राण्यांची वस्ती असते. मात्र तेथील मोडलेली घडी पुन्हा बसण्यास फार दीर्घ काळ लागतो.

पाच किलोमीटर खोलीवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पाणी अतिशय थंड असते. तेथील गाळात सूत्रकृमी, वलयांकित कृमी व लहान कवचधारी प्राणी राहतात. वर समुद्रकाकडी हळूहळू सरकत असते. वरच्या थरांतील मृत जीवांचे कण खाली झिरपतात, तेवढेच त्यांचे अन्न. हे अन्न कमीअधिक झाले की प्राण्यांची संख्याही कमीअधिक होते.

रामटेकजवळील मनसर व कांद्री येथील मँगनीजच्या खाणी या भागातील मुलांच्या परिचयाच्या आहेत. हाच धातू खोल सागरतळावर बटाट्याएवढ्या गोट्यांच्या रूपाने पसरलेला असून त्यात निकेल, तांबे व कोबाल्टही असतात. हिंदी महासागरातील अशा गोट्यांचे क्षेत्र भारतास १९८७ साली मिळाले.

गोटे काढल्यास तळावरील जीवांचे काय होईल, हे जाणण्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली एक प्रयोग केला. यंत्राने तळाचा लहानसा पट्टा मुद्दाम ढवळला आणि आधीच्या व नंतरच्या गाळाचे नमुने तपासले. ढवळल्यानंतर प्राण्यांची संख्या घटली. पुढील वर्षांच्या पाहणीत ते परतू लागल्याचे दिसले.

तथापि संख्या वाढली म्हणजे समाज पूर्ववत झाला असे नव्हे. पेरू देशासमोरील महासागरात १९८९ साली नांगरलेल्या तळावरील तास २०१५ साली, म्हणजे २६ वर्षांनंतरही, स्पष्ट दिसत होते. हिंडणारे प्राणी लवकर येतात; पण कठीण पृष्ठास चिकटून राहणाऱ्या प्राण्यांस गोटाच नसेल तर आधार उरत नाही. आणि गोटा दहा लक्ष वर्षांत केवळ काही मिलिमीटर वाढतो! म्हणून धातूची गरज व जीवांचे रक्षण यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

हा विषय शिकविताना शिक्षकांनी शाळेच्या आवारात प्रत्येकी एक हात लांबरुंद असे दोन चौकोन आखावेत. एक तसाच ठेवावा. दुसऱ्यातील गवत व मातीचा वरचा थर काढावा. प्रथम कोणते गवत उगवले, कोणते किडे आले आणि कोणते आलेच नाहीत, याची नोंद विद्यार्थ्यांकडून दर पंधरवड्यास करवून घ्यावी. वर्षअखेर दोन्ही चौकोनांची तुलना केल्यास सागरतळाचा धडा त्यांस आपोआप उमगेल.