ओली गादी लगेच फेकू नका

पाणी ओसरलं की आपण बायका पहिलं काय करतो? पदर खोचून खराटा हातात घेतो. चिखल काढायचा, भिजलेल्या गाद्या, फुगलेलं प्लायवूडचं कपाट, पाणी गेलेला मिक्सर असं सगळं गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकायचं. पालिकेची गाडी येते आणि उचलून नेते. घर लख्ख होतं खरं, पण विम्याचे पैसे मागायचा पुरावाही त्याच गाडीतून जातो.

आम्हा भांडुपकरांना पाण्याचं नवल नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती रात्र मुंबईत कोण विसरेल? जुलै २०२१ मध्ये तर पालिकेच्या भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पावसाचं पाणी शिरलं आणि मुंबईच्या मोठ्या भागाचे नळ कोरडे पडले. त्यात इथली कितीतरी कुटुंबं मूळची कोकणातली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा इथे बसून गावाकडचे पत्रे आणि कौलं उडाल्याचे फोन घेतले आपण. एवढं सोसूनही मंडळात विषय काढला की प्रश्न येतो, "अहो ताई, घराचापण विमा असतो?"

असतो, आणि कदाचित तुमच्याकडे आहेही! घर कर्ज काढून घेतलं असेल तर ती फाइल उघडून बघा. बऱ्याचदा बँकेनेच घराचा विमा उतरवलेला असतो. मात्र कर्जदाराच्या जिवाचा विमा वेगळा, तो घराचा नव्हे. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर इमारतीच्या नुकसानीचे पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात, हेही विचारून ठेवा.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, पूर, दरड कोसळणं, झाड पडणं हे सगळं येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण मिळतं. दागिन्यांचं मात्र वेगळं सांगावं लागतं. आणि भिंतीतून वर्षानुवर्षं झिरपणारी ओल? तिचे पैसे नाहीत मिळत.

खरी मेख इथेच आहे. आमच्या ओळखीच्या एका ताईंचा क्लेम कंपनीने "ही तर जुनी गळती" म्हणून फेटाळला. ताई खमक्या! मुलाने मोबाइलवर जिन्यातून चढणाऱ्या पाण्याचं चित्रण केलं होतं, भिंतीवरची पाण्याची रेघ फूटपट्टी लावून टिपली होती. त्या दिवसाच्या पेपरातलं कात्रण जोडलं, शेजारच्या दोघींची सही घेतली. मग सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली, तर त्यात सामानाचा उल्लेखच नव्हता! लेखी तक्रार गेल्यावर पैसे आले. मागितले तेवढे नाही, पण फ्रिज आणि कपाट धरून आले.

म्हणून सांगते, साफसफाईआधी फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेमचा नंबर लिहून घ्या. गादी कुजायला लागली, घरात ठेवणं अशक्य झालं, तर कंपनीला तसं लेखी कळवून, फोटो काढून मगच टाका. वस्तूंची यादी करा. बिलं वाहून गेली असतील तर दुकानदाराकडे दुसरी प्रत मागा, हप्त्यावर घेतलं असेल तर बँकेच्या पासबुकात नोंद सापडते. (हळदीकुंकवाच्या फोटोत मागे दिसणारा टीव्हीसुद्धा कामाला येतो बरं का!) एखादा कागद नाही एवढ्यावरून क्लेम नाकारायचा नाही, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि नंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा, हेही त्यातच आहे.

तलाठ्याने पंचनामा केला म्हणजे झालं, अशी गावाकडे समजूत असते. पंचनामा सरकारी मदतीसाठी. विम्याचा सर्व्हेअर वेगळा, त्याला वेगळं बोलवावं लागतं. पंचनाम्याची प्रत मात्र पुरावा म्हणून जोडा.

शेवटी कंपनी एक व्हाउचर पुढे करते, 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली'. हातघाईला आलेल्या घरात सही पटकन होते. पटत नसेल तर सही करू नका, आपलं म्हणणं लेखी द्या. फसवून किंवा दबावाखाली सही घेतली असेल तर ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटलं आहे. पण ते सिद्ध करत कोण बसणार?

कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना झाला, उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जायचं. नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील चालतच नाही, स्वतःच बोलायचं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. भांडुप पालिकेच्या 'एस' वॉर्डात, त्यामुळे आपल्याला सांताक्रूझला नाही, ठाण्याच्या लोकपाल कार्यालयात जावं लागतं. रायगडातल्या गावच्या घरासाठीही ठाणेच. आधी फोनवर विचारायचं असेल तर नियामकाचा मोफत क्रमांक १५५२५५. जाताना क्लेमचा नंबर, तक्रारीची पोच आणि ते फोटो पिशवीत असू द्या.