मोठेपणी दात सरळ करावयाचे असल्यास

आरोग्याविषयी सभासद कुटुंबांकडून ट्रस्टकडे जे प्रश्न येतात, त्यांत दातांचा एक प्रश्न अलीकडे वरचेवर दिसू लागला आहे. विचारणारी व्यक्ती पंचवीस-तीस वर्षांची असते, क्वचित पन्नाशीचीही असते. दुखणे काही नसते, चावण्याची अडचण नसते. खालच्या ओळीतील एक दात शेजारच्या दातावर चढलेला, किंवा वरच्या पटाशीच्या दोन दातांत फट, एवढेच. ‘लहानपणी तारा लावावयाच्या राहून गेल्या, आता या वयात काही होण्याजोगे आहे काय?’ असा तो प्रश्न असतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सर्वांसाठी एकत्र द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

उत्तर थोडक्यात असे की, होय, होण्याजोगे आहे. वयाची आडकाठी नाही. मात्र बहुतेकजण ‘कोणते साधन चारचौघांत दिसून येत नाही?’ एवढेच विचारतात. आमच्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या उपायाने दात हलणार आहे की घासला जाणार आहे? आणि हललेला दात नव्या जागी राहणार कसा? हे दोन प्रश्न मनाशी बाळगले तर पुढील सर्व उपायांची पारख आपोआप होते.

दात हलतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचे एक पातळ अस्तर असते. दातावर हलका पण सतत दाब ठेवला, की ज्या बाजूला तो दाबला जातो त्या बाजूचे हाड विरघळविणाऱ्या पेशी कामाला लागतात. मागल्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तेथे नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात आपल्या खोबणीसह सरकतो. स्वीडनमधील कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून हा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. हाडाची ही घडामोड जन्मभर चालू असते, म्हणूनच प्रौढपणीही दात हलविता येतो. मुलांत जबडा वाढत असतो, त्याचा लाभ घेता येतो. मोठ्यांत तो मिळत नाही, आणि आरंभीची हालचाल थोडी सावकाश होते, एवढाच काय तो फरक. जोर वाढविल्याने काम लवकर होत नाही. अतिदाबाने दुखते, आणि दाताची मुळे टोकाशी झिजण्याचा धोका वाढतो.

आधी हिरड्या, मग तारा

ज्या पायावर घर सरकवायचे तो पाया भक्कम हवा. हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांवर कीट साचले असेल, आतील हाड खाली गेले असेल, तर प्रथम त्याचा उपचार झाला पाहिजे. सुजलेल्या हिरड्यांत दात हलविले तर उरलेले हाडही जाते. मिश्री, तंबाखू आणि सुपारी यांची सवय असणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. मधुमेह असल्यास तो आटोक्यात असावा. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील तर ते दंतवैद्यास आधीच सांगावे, कारण त्यांपैकी काही औषधांनी दातांची हालचाल मंदावते.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. जन्मभर नीट असलेल्या पुढच्या दातांत चाळिशी-पन्नाशीनंतर नवी फट पडू लागली, किंवा एखादा दात पुढे येऊ लागला, तर ती रूपाची बाब समजू नये. हिरड्यांच्या जुन्या रोगाने हाड झिजल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी तारेचा विचार नंतर. आधी हिरड्या दाखवाव्या.

दात हलविणारे उपाय

पहिला उपाय म्हणजे बसविलेल्या तारा. प्रत्येक दातावर एक छोटी खाच, म्हणजे ब्रॅकेट, चिकटवितात आणि त्यातून तार ओवतात. आजच्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १९२० नंतरच्या दशकात घातला. त्या काळी दातादाताला धातूची कडी घालावी लागे. पुढे १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिले, की एनॅमल आम्लाने किंचित खरबरीत केले असता त्यावर राळ पक्की चिकटते. त्यानंतर कड्या गेल्या आणि ब्रॅकेट थेट दातावर बसू लागले. धातूचे ब्रॅकेट सर्वांत स्वस्त आणि चिवट. दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट कमी उठून दिसतात, पण महाग व थोडे ठिसूळ. आणि त्यांवरील पारदर्शक रबरी कड्या आपल्या हळदीच्या जेवणाने दोन दिवसांत पिवळ्या पडतात. दातांच्या आतल्या बाजूने बसवावयाच्या ताराही आहेत. त्या मुळीच दिसत नाहीत, परंतु आरंभी जिभेला खुपतात, बोलणे थोडे अडते, आणि खर्च पुष्कळ येतो. किरकोळ वाकडेपणास सहा महिने ते एक वर्ष, गुंतागुंत असल्यास दीड-दोन वर्षे धरून चालावे. या काळात चिक्की, गजक, ऊस आणि कणसाचे दाणे दातांनी काढणे वर्ज्य.

दुसरा उपाय पारदर्शक साच्यांचा, ज्यांस अलाइनर म्हणतात. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९४५ साली अमेरिकेतील केस्लिंग यांनी लवचीक साच्याने दात थोडे थोडे हलविता येतील असे मांडले होते. १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने त्याला संगणकाची जोड देऊन ‘इनव्हिजलाइन’ बाजारात आणले. आता अनेक कंपन्या असे साचे करतात, भारतातही होतात. एकेक साचा दात सुमारे पाव मिलिमीटर हलवितो, आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालावयाचा. थोडी गर्दी, थोडी फट, यांस हा उपाय उत्तम. फार वळलेला सुळा फिरविणे किंवा दात उभा खाली ओढणे येथे तो तारेइतका समर्थ नाही.

परंतु साचा दिवसातून वीस-बावीस तास तोंडात राहिला तरच काम करतो. खाताना तो काढावयाचा, दात घासून पुन्हा घालावयाचा. गरम चहा साच्यासकट प्यावयाचा नाही. जो दिवसातून चार वेळा चहा घेतो आणि रात्री सराफ्यात पाच ठिकाणी उभा राहून खातो, त्याने आपला स्वभाव ओळखून निर्णय करावा. अशा माणसास चिकटविलेली तारच बरी. ती खिशात राहून जात नाही.

तिसरा, जुना आणि साधा उपाय म्हणजे स्प्रिंग लावलेली काढघाल करण्याची पट्टी. एखादाच दात थोडा आत किंवा बाहेर असेल तर तीही पुरते. ती दाताचा वरचा भाग कलता करते, मूळ सरकवीत नाही. म्हणून तिच्याकडून अधिक अपेक्षा करू नये.

जागा कमी असल्यास या तिन्ही उपायांत दोन दातांमधील एनॅमल किंचित घासून जागा करतात. दर फटीला अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे हे घासणे योग्य हाती झाल्यास सुरक्षित असते. तथापि एनॅमल पुन्हा उगवत नाही. म्हणून किती ठिकाणी व किती घासणार, हे आधी विचारून घ्यावे.

दात झाकणारे उपाय

दात न हलविता त्याचे रूप बदलण्याचे मार्ग वेगळे. बारीक फट किंवा झिजलेली कड दातांच्या रंगाच्या राळेने भरून काढता येते. त्यात दात फारसा घासावा लागत नाही, काम एका बैठकीत होते. काही वर्षांनी मात्र ते डागाळते वा तुटते आणि पुन्हा करावे लागते. किरकोळ दोषास हा उपाय वाईट नाही.

पातळ सिरॅमिक पापुद्रे आणि पूर्ण टोप्या, म्हणजे कॅप, यांची गोष्ट निराळी. आमच्या कुटुंबांत लग्न दोन महिन्यांवर आले म्हणजे कोणीतरी सुचविते, ‘तारेला वेळ कुठे आहे? चार कॅप बसवून टाका.’ ते ऐकण्यापूर्वी मुलीने, मुलाने आणि त्यांच्या आईवडिलांनी एवढे जाणून घ्यावे, की पूर्ण टोपी बसविण्यासाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा निम्म्याहून अधिक अंश घासून टाकावा लागतो. तो दात पुन्हा पूर्ववत होत नाही. काही दातांची आतील नस पुढे मरते आणि रूट कॅनाल करावे लागते. टोपीही जन्मभराची नसते, ती बदलावी लागते. पंचविशीत निरोगी दातावर बसविलेली टोपी म्हणजे चाळिशीत, पंचावन्नात पुन्हा येणारा खर्च. दात किडलेला वा फुटलेला असेल तर टोपी हा उपकारच आहे. केवळ थोडा वाकडा असलेल्या निरोगी दातासाठी ती घातली जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लग्नाच्या छायाचित्रांत एक दात किंचित तिरपा दिसला म्हणून संसाराचे काही अडत नाही.

राखण

उपचार संपला म्हणजे काम संपले, हा समज सर्वांत महाग पडतो. हिरड्यांतील ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात. त्यांची नवी घडी बसण्यास अनेक महिने लागतात. शिवाय वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांत थोडी गर्दी सर्वांच्याच होते, तारा लावलेल्यांच्याही आणि न लावलेल्यांच्याही. अक्कलदाढ ढकलते म्हणून हे होते, अशी समजूत घरोघर आहे. तिला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून सरळ केलेल्या रुग्णांचे दात पुढे अनेक वर्षे तपासले. राखणीची पट्टी थांबवून दहा वर्षे झाल्यावर एक तृतीयांशाहून कमी रुग्णांचे खालचे दात समाधानकारक राहिले होते.

म्हणून रिटेनर, म्हणजे राखणीची पट्टी, हा उपचाराचाच भाग समजावा. आरंभी सांगतील तितके तास, नंतर रात्रीपुरती. आणि दात सरळ हवे आहेत तोवर. दातांच्या मागे बारीक तार कायम चिकटवूनही घेता येते. मग तिच्याखालची सफाई नेमाने करावी आणि ती सुटली नाही ना, हे वर्षातून एकदा दाखवून घ्यावे. ज्यास ही राखण जमणार नाही, त्याने आरंभच न केलेला बरा.

कोणाकडे जावे?

दात सरळ करणारे विशेषज्ञ, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, बी. डी. एस. नंतर आणखी तीन वर्षे याच शाखेचे शिक्षण घेऊन एम. डी. एस. झालेले असतात. आरंभी एक्स-रे, दातांचा ठसा किंवा स्कॅन आणि हिरड्यांची तपासणी झालीच पाहिजे. येथे इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे वेळ अधिक द्यावा लागला तरी खर्च खाजगीपेक्षा कमी येतो. एकदम पैसे भरण्यापूर्वी दुसरा सल्ला अवश्य घ्यावा.

टपालाने साचे मागवून घरबसल्या दात सरळ करण्याच्या जाहिरातींस भुलू नये. अमेरिकेत २०१४ साली निघालेली स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी याच पद्धतीने व्यवसाय करीत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली, आणि अर्ध्या उपचारातील ग्राहक जिथल्या तिथे राहिले. हलत असलेल्या दातावर डोळ्यांनी पाहणारा आणि हाताने चाचपणारा माणूस हवाच.

आणखी एक उपाय सांगावयाचा राहिला: काहीच न करणे. थोडा वाकडा दात हा रोग नव्हे. तो नीट घासला जात असेल, हिरडी निरोगी असेल आणि आरशात पाहताना मनाला खुपत नसेल, तर तो तसाच असू द्यावा. खुपत असेल तर संकोच नको. पन्नाशीतही अवश्य उपचार घ्यावा. निर्णय ज्याच्या तोंडात तो दात आहे त्याचा असावा, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांचा नव्हे.