खडक वाकतो केव्हा, तुटतो केव्हा

खडकाच्या कठीणपणाची जी समजूत रूढ आहे ती भूपृष्ठापुरतीच खरी ठरते. काही किलोमीटर खोलवर तोच खडक वाकतो, ताणला जातो, त्याला घड्या पडतात, आणि हे सारे तो न वितळता, घन अवस्थेतच घडते. बळाखाली खडक वाकेल की तुटेल हे तो ग्रॅनाइट आहे की बेसाल्ट एवढ्यावरच ठरत नाही. त्याच्यावरील चहूबाजूंचा दाब, त्याचे तापमान, बळ लागण्याची गती आणि त्याच्या भेगांतील पाण्याचा दाब यांचाही त्यात वाटा असतो.

एकक क्षेत्रफळावर पडणाऱ्या बळाला प्रतिबल आणि त्यामुळे आकारात होणाऱ्या बदलाला विकृती म्हणतात. प्रतिबल मर्यादेत असेल तर विकृती स्थितिस्थापक असते, म्हणजे बळ दूर होताच खडक मूळ आकारात येतो. मर्यादा ओलांडल्यावर मात्र तो ठिसूळपणे तुटतो किंवा त्याचा आकार कायमचा बदलतो. थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ मध्ये इटलीतील कॅरारा संगमरवराच्या दंडगोलांवर केलेल्या प्रयोगांत हा फरक स्पष्ट झाला: सभोवतालचा दाब कमी असताना दंडगोल तडकले, तर तो पुरेसा वाढवल्यावर तोच संगमरवर, तापवलेला नसतानाही, न तुटता फुगत गेला. प्रत्येक खडकात सूक्ष्म भेगा असतात आणि खडक तुटण्यासाठी त्या उघडाव्या किंवा त्यांच्या कडा एकमेकींवरून सरकाव्या लागतात; चहूबाजूंचा दाब नेमके तेच रोखतो, त्यामुळे विरूपणाचे काम खनिजांच्या स्फटिकांतील थर एकमेकांवर घसरण्याकडे जाते. उष्णता ही घसरण सोपी करते. भूकवचात दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते आणि ३०० अंशांच्या आसपास क्वार्ट्‌झ अशा रीतीने बदलू लागते, म्हणून खंडांवरील बहुतेक भूकंप वरच्या पंधरा-वीस किलोमीटरांतच होतात. गोव्यातील लोहखनिजाच्या पट्टेदार खडकांना पडलेल्या घड्या हे ते थर कधीकाळी दाब आणि उष्णता सोसून आल्याचे चिन्ह आहे.

भूपृष्ठालगतच्या खडकात दोन प्रकारची तूट दिसते. कडा एकमेकींपासून केवळ विलग झाल्या असतील तर तो सांधा. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे बहुकोनी स्तंभ लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या अशा सांध्यांनीच घडले. कडा एकमेकींवरून सरकल्या असतील तर तो विभंग. विभंगाच्या दोन्ही बाजू घर्षणाने अडकून राहतात, भोवतालचा खडक वर्षानुवर्षे स्थितिस्थापकपणे वाकत राहतो आणि घर्षण अपुरे पडताच तो झटक्याने सरळ होतो. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी भूकंपाची ही कारणमीमांसा मांडली.

हे घर्षण विभंगाला आवळून धरणाऱ्या दाबावर अवलंबून असते आणि भेगांतील पाणी त्या दाबाच्या विरुद्ध दिशेने कडा रेटते. म्हणजे नवे बळ न लावताही, केवळ पाण्याचा दाब वाढल्याने विभंग सरकू शकतो. महाराष्ट्रासाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कोयनेच्या १०३ मीटर उंच धरणामागे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पाणी साठू लागल्यावर त्या परिसरात धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त करून दीडशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. जलाशयाने ही ऊर्जा निर्माण केली असे समजणे चुकीचे होईल. भारतीय भूपट्टाच्या सरकण्यातून साठलेल्या आणि आधीच भंगाच्या सीमेवर आलेल्या प्रतिबलात पाण्याच्या वजनाची आणि खोल झिरपलेल्या दाबाची भर पडली, एवढाच त्याचा वाटा, परंतु तो निर्णायक होता. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर आणि पुढे तो रिकामा होत असताना तेथील भूकंपांची संख्या वाढते, हे निरीक्षण याच कारणाकडे बोट दाखवते.

त्या भागात २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल वेधनछिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला. भूकंपाच्या आधी, भूकंपावेळी आणि नंतर विभंगालगतच्या खडकात होणारे बदल जागेवरच मोजणे हा या खोल वेधनामागचा हेतू आहे, कारण खोलवरच्या पाण्याचा दाब भूपृष्ठावरून केवळ अनुमानानेच कळतो.