घ्या हे प्यादे!

बुद्धिबळात फुकट काही मिळत नाही, असे जाणते सांगतात. पण पटावर असाही एक डाव आहे, की ज्यात दुसऱ्याच खेळीला आपले प्यादे उचलून शत्रूच्या तोंडाशी ठेवायचे आणि ऐटीत म्हणायचे, "घ्या हे प्यादे!" या डावाचे नाव किंग्ज गँबिट. गँबिट हा शब्द मूळचा इटालियन कुस्तीतला. पायात पाय घालून पाडणे, हा त्याचा अर्थ. आपल्या तालमीतला पैलवान त्यालाच टांग मारणे म्हणतो.

डाव असा. दोघेही राजापुढचे प्यादे दोन घरे सारतात. मग पांढरा आपल्या राजाकडच्या उंटाचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो. काळ्याने ते खाल्ले, की त्याचे प्यादे पटाच्या मध्यावरून हलते आणि पांढऱ्याच्या हत्तीला उंटाची ओळ मोकळी होते. त्या ओळीत काळ्याचे एक घर असे असते, की त्याची राखण एकट्या राजावर असते. सारा रोख त्यावर! पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्यादे तर जातेच, शिवाय आपल्याच राजाच्या अंगणाची कडी निघते.

तरीही याच डावाने बुद्धिबळाला त्याची सर्वांत लाडकी बाजी दिली. १८५१ साली लंडनमध्ये ब्रेस्लाऊचा गणितशिक्षक अँडरसन याने कीझरिट्स्कीविरुद्ध उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला, आणि उरलेल्या एका उंटाने व दोन घोड्यांनी तेविसाव्या खेळीला मात केली! गंमत अशी, की हरलेल्या कीझरिट्स्कीनेच ती बाजी आपल्या मासिकात छापली.

पुढे बचावाचे शास्त्र वाढले आणि शहाण्यांनी हा डाव कच्चा ठरवला. मग १९६० साल उजाडले. अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे स्पास्कीने हेच प्यादे सतरा वर्षांच्या बॉबी फिशरपुढे ठेवले. फिशरने ते घेतले. पुढच्या खेळ्यांनी जो प्रकार झाला, त्याला नाव आहे त्याच कीझरिट्स्कीचे! एकोणतिसाव्या खेळीला फिशरचा उंट वाचेना, तेव्हा त्याने हार मानली.

तो पराभव पोराच्या जिव्हारी लागला. १९६१ साली त्याने एक लेखच लिहिला: किंग्ज गँबिट खेळणारा हरलाच पाहिजे! प्यादे खाल्ल्यावर वजिरापुढचे प्यादे एकच घर सारा, हा त्याचा उतारा. एवढे लिहून तो गप्प बसला असेल असे वाटते ना? १९६३-६४च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत त्याने अकराच्या अकरा बाज्या जिंकल्या. त्यांतली एक पांढऱ्या सोंगट्यांनी किंग्ज गँबिट खेळूनच! कागदावर ज्याचे मरण लिहिले, त्यालाच त्याने पटावर जवळ केले.

यात विसंगती नाही. कागदापुढे घड्याळ टिकटिकत नसते. पटापुढे माणूस बसलेला असतो. आजचा संगणकही काळ्यालाच थोडे वरचढ मानतो. पण संगणकाला भीती वाटत नाही आणि लोभही सुटत नाही. मिळालेले प्यादे जपता जपता राजा उघडा पडतो, तो माणसाचाच.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत पट मांडाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्यादे घेतलेत, तर वेळ येताच ते परत करण्याची तयारी ठेवा. राजा वाचत असेल तर तो सौदा स्वस्तच. आणि प्यादे दिलेत, तर मागे वळून त्याचा शोक करू नका. प्रत्येक खेळीला नवे मोहरे रणात आणा. नुसते प्यादे द्यायला धाडस लागत नाही. ते दिल्यावर वीस खेळ्या हात न कापता खेळायला लागते.

आणि हरलात, तर कीझरिट्स्कीसारखे हरा. बाजी लिहून ठेवा आणि घरच्यांना दाखवा!