आगाप लावणीचा रविवार

सकाळी साडेसहा. नोव्हेंबर अर्धा सरलाय आणि स्वेटर निघालेत. राज्यात सर्वांत कमी तापमान निफाडला, ही बातमी दर हिवाळ्यात एकदा तरी छापून येते. बाकीच्यांना त्याचं कौतुक. कांदा लावणाऱ्याला धास्ती. गावात उन्हाळ कांद्याच्या लावणीला खरा जोर येतो डिसेंबरात. मी परसातला वाफा आजच लावणार आहे. कारण साधं आहे: होळीनंतर आमच्या आडाचं पाणी तळाला जातं. आज लावलेला कांदा साधारण चार महिन्यांनी, म्हणजे मार्चच्या मध्याला निघतो. पाण्याची ओढ सुरू व्हायच्या आत तो घरात.

सात. रोपाला दोन झाऱ्या पाणी. उळं सप्टेंबरच्या अखेरीस टाकलं होतं, रोप सात आठवड्यांचं झालंय. कोरड्यात उपटलं की मुळं जमिनीतच तुटून राहतात.

नऊ. वाफा तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर, दोन रोपांत दहा. या हिशेबानं 400 रोपं बसतात. शेणखत चांगलं कुजलेलंच घ्यायचं, कच्च्या शेणासोबत हुमणी येते. कडेनं मक्याच्या दोन ओळी महिनाभरापूर्वीच पेरल्यात, त्या आता मांडीला लागतात. फुलकिडे उडत येतात ते बरेचसे या कुंपणाला अडतात. सासूबाईंना हा मका अजून पटलेला नाही. "कांद्याच्या वाफ्यात मका कशाला गं?" असं त्या येता-जाता विचारतात आणि कणसं कधी येतील तेही विचारतात.

अकरा. रोप उपटून ओसरीवर आणलं. आजच्या दिवसातलं खरं काम हे, निवडणं. जाड, दणकट रोपाकडे हात आपोआप जातो, आणि आगाप लावणीत नेमकं तेच नको असतं. रोप मानेशी पेन्सिलीएवढं जाड झालं की पुढची थंडी त्याला लागू पडते. कांदा पोसायचा सोडून ते फुलाच्या मागे लागतं. डेंगळा येतो. डेंगळ्याच्या कांद्यात मधोमध टणक दांडा असतो, चिरताना सुरी अडते आणि चाळीत तो टिकत नाही. बारीक रोपाला मात्र तीच थंडी फारशी बाधत नाही. डिसेंबर-जानेवारीची कडक थंडी आगाप कांद्याच्या वाट्याला पुरती येते, म्हणून ही निवड आत्ताच कडक हवी. काडेपेटीच्या काडीहून जाड आणि पेन्सिलीहून बारीक, एवढंच रोप मी वाफ्यासाठी ठेवते. अगदी दोऱ्यासारखं असेल तर तेही बाजूला. ते जीव धरत नाही.

सासूबाई जाड जुडी उचलून म्हणाल्या, "अगं, ही चांगली रोपं टाकून देतेस?"

"टाकत नाही आई, निम्मी दुपारच्या भाजीला घ्या."

एक. पात बारीक चिरून, बेसन पेरून भाजी. बाजरीची भाकरी. रोपाची पात कोवळी, तिला शिजायला वेळ लागत नाही. डेंगळ्याच्या भीतीतून एवढं चांगलं जेवण निघतं, हे कृषी पुस्तिकेत कुणी लिहीत नाही.

अडीच. शेंड्याकडची तिसरा हिस्सा पात छाटली. मुळं नवी धरेपर्यंत झाडाला पाणी कमी मिळतं, तेवढ्यात पानांतून उडून जायला नको.

चार. ऊन उतरल्यावर वाफ्यात पाणी सोडलं, चिखल झाला. उजव्या हाताच्या अंगठ्यानं रोपाचं मूळ दाबायचं, की लगेच पुढचं. मूळ खाली सरळ जायला हवं. वर दुमडलं तर रोप आठवडाभर पिवळं पडून राहतं. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल दाबलं तर कांदा लांबट होतो. शेतात बायकांची टोळी हे ज्या वेगानं करते ते बघत बसावं. मला एवढ्याशा वाफ्याला अंधार पडला. कंबर तर दुखतेच, पण गुडघे जास्त.

साडेसहा. शेजारच्या काकू उरलेल्या रोपांना आल्या. बारीकपैकी दोन जुड्या मी राखून ठेवल्या, मोरीच्या कडेला दाटीनं खोचून. आठ-दहा दिवसांनी वाफ्यात नांगे भरायला लागतील. काकूंना उरलेली जाड रोपं दिली आणि बजावून सांगितलं, ही पातीसाठीच लावा, कांद्याची वाट बघू नका. आंबवणीचं पाणी बुधवारी.